काकूचा फोनातला वर्ग

आमच्या काकूइतकं मोबाइलशी अदबीने वागणारं माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचं नाही. उमेळ्याच्या घरात, ओटीवर, तीस वर्षं बालवाडी चालवलेली ही बाई. साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा तिला व्हिडिओ काढायला शिकवलं ते मीच, पाप माझंच. फोनपुढे ती इस्त्रीची साडी नेसून बसायची. मला शिंक आली तर अंगणात पिटाळायची, कारण "वर्ग चालू आहे." प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघत थांबायची, त्यामुळे पाच मिनिटांच्या व्हिडिओत तीन मिनिटं शांतता. "काकू, हे कोण ऐकणार गं?" म्हटलं तर म्हणाली, "लहान आहेत ती. बोलायला वेळ नको त्यांना?" "नखं दाखवा" म्हणून फोनवर वाकून खरोखर तपासायची आणि "कोणाची तरी वाढलीत, मला दिसतायत" असा दम भरायची. त्या दुपारी चार आयांनी पालकांच्या ग्रुपवर माफी मागितली.

शेवटी डबा. स्वतः पोळीभाजीचा घास घ्यायची, सावकाश चावून गिळायची, मग म्हणायची, "आता तुमचा." हट्टी पोरं तिच्यासोबत निमूट जेवू लागली. वाड्या तोडून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या खिडक्यांतूनही दुपारी तिचा आवाज यायचा. काकू हरखून गेली. तीस वर्षांत एवढं कौतुक तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

शाळा उघडल्या, पण ओटीवर दहाच मुलं आली. पुढच्या वर्षी सहा, मग तीन. बाई फोनातच मिळते म्हटल्यावर मुलाला आवरून गल्लीपर्यंत आणतंय कोण? आणि आणायचंच तर इंग्रजी नर्सरीची गाडी दाराशी येते. यंदा काकूच्या मुलाने सांगून टाकलं, एकही मूल आलं नाही तर ओटीला शटर लावून इस्टेट एजंटला देऊ. काकू म्हणाली, "जूनमध्ये येतील की."

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो. सतरंजी अंथरलेली, हजेरीची वही उघडलेली. दहा वाजता एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन पायरी चढली. काकूने घाईघाईने पेन उचललं. "नाव काय लिहू गं?"

"नाही बाई, ॲडमिशनचं नाही. नवीन व्हिडिओ कधी टाकणार? जुने बघून हा बोअर झालाय. जेवतच नाही हो."

काकूने मुलापुढे हात केला. फोनातली वीतभर बाई एवढी मोठी झालेली बघून तो घाबरला आणि आईच्या मागे लपून रडायला लागला. काकूने हात मागे घेतला. "उद्या टाकते हो," म्हणाली.

ती दोघं गेल्यावर काकूने हजेरीची वही मिटली. तिच्याकडे बघवत नव्हतं मला. मग तीच म्हणाली, "भोपळ्याची भाजी खातो का तो, ते विचारायचं राहिलंच रे."

मी "विचारून येतो" म्हणालो आणि सतरंजी गुंडाळायला लागलो.