निर्जळी उपासाचा महात्मा

हसाचं असन तर हसून घ्या, पण चहा थंडा होऊ देऊ नका. अहो, मी एकदा महात्मा झालतो! हाव, मीच! आन् झालो कसा, तर खोटं बोलून.

तवा वऱ्हाडात इंग्रजाचं राज होतं. साखरखेर्ड्याच्या शिवारात आंब्याखाली एक भन्ते येऊन राह्यलते, ब्रह्मदेशात चिवर घेऊन बौद्ध भिक्खू झालेले. आम्ही दोघं त्याईचे चेले. मी पाटलाचा पोरगा, आन् दुसरा महारवाड्यातला सुखदेव. मले ज्ञान पाहिजे होतं, तेही सुखदेवाच्या आधी!

पण हा कसला गुरू? ना पोथी, ना प्रवचन. सकाळी सुखदेव मडकं भरे. भन्ते गडव्याले तोंड लावून पाणी पेत, मग सुखदेवाले देत, मग तोच गडवा माह्यापुढं. "हे पे, मग धर्म सांगतो."

आता पाटलाचं पोरगं त्या गडव्याले तोंड लावन? बाप उभा चिरन ना! मी हात जोडले. "भन्ते, आज माहा निर्जळी उपास आहे."

"अरे वा! आन् उद्या?"

"उद्या बी आहे," मी बोलून बसलो.

झालं! एका म्हातारीनं ऐकलं. दुपारपर्यंत गावभर बोंब, पाटलाच्या पोरानं पाणी सोडलं! बाया पाया पडाले आल्या, नारळ आले, भजनी मंडळ आलं. बाप बैलाची दमणी जुंपून आला, मिशीवर ताव देत. "कुळाचं नाव काढलं पोरानं!"

पहिले मी नाल्यावर जाऊन चोरून पाणी पे. आता परसाकडं निघालो तरी मांगं भक्त! वरून वैशाखाचं ऊन. जिभेचं पार चामडं झालं.

सुखदेवाले सारं समजलं होतं. कानाशी येऊन म्हणे, "काऊन मरून राह्यला बे? पे ना."

"मले तहान नाई."

तो भरला गडवा घेऊन माह्या बाजूलेच बसला.

शेवटी भर भजनात कोसळलो. डोळे उघडले तर डोकं सुखदेवाच्या मांडीवर, अन् गडवा तोंडाले! घटाघटा पेलो. वर म्हटलं, "आणखीन दे!" टाळ बंद पडले. बापाचं तोंड काळंठिक्कर.

भन्ते मात्र खो खो हसले. "एवढाच धर्म होता रे. आता घरी जाय, कोणाच्या हातचं पेला ते उंबरठ्यावर सांग, आन् सकाळी ये. दोघांले संगच दीक्षा देतो."

खरं सांगतो, तसं हलकं मले पुन्हा कधी वाटलं नाई. वाटलं, झालं आपल्याले ज्ञान!

उंबरठ्यावर बाप तांब्या घेऊन उभा. गोमूत्र! "पे, नाईतर ह्या घराचं दार बंद." सांगाचं सारं घशातच राह्यलं. गुमान पेलो. त्याची लाज अजून गेली नाई, बरं का.

सकाळी बापानं पुन्हा तांब्या हातात देला. अर्धा पेलो, तेवढ्यात अंगणाबाहेर सुखदेव, भरला गडवा घेऊन.

"चाल बे, भन्ते वाट पाहून राह्यले. दोन घोट पे आन् निघू."

ओट्यावर बाप बसलेला. मी खाली पाहत म्हटलं, "आज माहा उपास आहे."

सुखदेवानं माह्या हातातल्या तांब्याकडं पाह्यलं.

"उपासाले गोमूत्र चालते वाटते?"

मी 'हाव' म्हटलं, आन् तांब्यातलं उरलेलं पेऊन टाकलं.