सावंतबाईंचा प्रिंटर

आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरचं नाव 'सावंतबाई' होतं, कारण तो त्यांच्या टेबलाशेजारी होता. कोणीही प्रिंट दिली की बाई कागद उचलायच्या, टेबलावर आपटून कडा जुळवायच्या आणि ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायच्या. गेल्या महिन्यात त्या वारल्या.

आज कॉम्प्युटरवाला सगळीकडे एकच नवं नाव घालत माझ्यापर्यंत आला.

"मॅडम, हे जुनं काढतो."

"माझ्याकडे राहू दे ना."

"सगळ्यांकडे सारखंच लागतं, मॅडम."

मी खुर्ची सरकवून त्याला जागा दिली. माणसाचं उरलेलं नाव कोणी रागाने पुसत नाही, व्यवस्थितपणापायी पुसलं जातं.

तो गेल्यावर मी प्रिंट दिली. कागद बाहेर पडल्याचा आवाज आला आणि मान वर न करताच मी हात पुढे केला.