भाऊजींचा पियानोवाला

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात जाझ नावाचं संगीत ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. भाऊजी पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर. कापसातून सरकी काढणारी यंत्रं दिवसभर कानाशी घरघरत असत, तेव्हा घरी आल्यावर दुसऱ्या कोणालाही शांतता हवीशी वाटली असती. भाऊजींना पियानो हवा असे. तोही कोणाचाही चालत नसे. तरुणपणी कापसाची प्रत ओळखायचं शिकायला ते मुंबईला गेले होते. तिथे एका हॉटेलाबाहेरच्या फुटपाथवर उभं राहून त्यांनी आत वाजवणाऱ्या गोव्याकडच्या एका पियानोवाल्याला ऐकलं आणि तिथेच कायमचे बिघडले. ताईला पाहायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "तबकडी दोन्ही हातांनं कडेले धरा लागते, मालूम हाय ना?"

त्या पियानोवाल्याच्या तबकड्या निघाल्याच होत्या मोजक्या. नागपूरच्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांच्या ढिगात, उमरखेडच्या एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या पेटाऱ्यात भाऊजींनी त्या हुडकल्या. हायवेवरच्या एका ढाब्यावर एका तबकडीवर चटणीची वाटी ठेवलेली दिसली, तर ती त्यांनी वाटीसकट विकत घेतली. पोटासाठी तो पियानोवाला सिनेमाच्या गाण्यांतही वाजवायचा, पण तिथे वाजवणाऱ्याचं नाव कुठून असणार? त्यामुळे भाऊजी कुठलंही जुनं गाणं पोलिसासारखं ऐकत. मारेगावला आमच्या चुलतभावाच्या लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली, लाउडस्पीकरवाला गाणं बंद करायला उठला, आणि भाऊजी मांडवातून ओरडत धावले, "थांब रे! हात नको लावू! आता तो येते!" नवरानवरी, भटजी आणि हातात अक्षता घेतलेली सगळी मंडळी तशीच उभी राहिली. गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये पियानोची एक पळती सर आली आणि गेली. "हा तोच," भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "आता लावा लग्न." ताई मला म्हणाली होती, "सवत असती तं भांडता तरी आलं असतं. ह्या पियानोवाल्याशी कसं भांडू मी?"

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडला, बोंडं किडली, खरेदी केंद्रं उघडेनात. शेतात निघाला तेवढा कापूस लोकांनी घरात भरून ठेवला. ताईच्याही पुढच्या खोलीत घरच्या शेतातला कापूस आढ्याला टेकला होता. रात्रंदिवस अंगाला खाज सुटायची. त्याच ढिगाला पाठ टेकून भाऊजी तबकडी लावत. "कापसात आवाज कसा मऊ होते, पाहा," म्हणत. पण तेव्हा त्यांचं हसू फार वेळ टिकत नसे. जिनिंगला कापूस आणणारे त्यांचे ओळखीचे लोक एकामागून एक जीव देत होते. भाऊजी प्रत्येकाच्या दारी जाऊन बसत, परत येत आणि एकच तबकडी लावत. तिच्यावर फक्त पियानो होता, साथीला कोणी नाही. "ह्या माणसानं हे वाजवलं," ते मला एकदा म्हणाले, "म्हनून मी उद्या उठतो." त्या उन्हाळ्यात जिनिंगला कुलूप लागलं.

तशात त्यांना कळलं, की पियानोवाला जिवंत आहे आणि पुण्यात मुलीकडे राहतो. ट्रंकेत रुईचे थर देऊन भाऊजींनी तबकड्या भरल्या, त्या वाजवायचं यंत्र काखेत मारलं आणि मला सोबत घेतलं. म्हातारा फार गोड होता. स्वतःच्या तबकड्या ऐकून तो लहान मुलासारखा हसला, दोनतीनदा बोटं हवेत नाचवली. शेवटी भाऊजींनी ती एकट्या पियानोची तबकडी लावली आणि हात जोडून त्याच्यासमोर बसले. म्हाताऱ्याने मान वाकडी करून ती पूर्ण ऐकली. मग म्हणाला, "बहुत अच्छा है. लेकिन ये मैं नहीं हूँ. उस दिन मुझे बुखार था. कोई लड़का बजाके गया. कंपनी ने नाम मेरा छाप दिया."

पुण्यात काय झालं ते ताईला मीच सांगितलं. घरी आल्यावर भाऊजींनी ट्रंक कापसाच्या ढिगामागे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवलं तर उठत, पुढ्यात आलं ते खात, पुन्हा पडत. एका सकाळी ताईने मागच्या खोलीतल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "घेऊन जा इथून," ती म्हणाली, "कायले, ते नको विचारू." मी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे ते कोणालाच विचारावं लागत नव्हतं.

बाटल्यांची विल्हेवाट लावून मी दुपारी परत आलो, तर ताई तबकडीच्या यंत्रापुढे बसली होती. इतक्या वर्षांत तिने त्याला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. तिने ट्रंकेतून तीच तबकडी काढली आणि सुई मधोमध आदळली. कर्र करून आवाज झाला.

"अवं, हळू!" भिंतीकडून भाऊजी ओरडले. "चरा पडन तिले!"

"मंग तुमी लावा उठून."

ते उठले. सुई नीट कडेवर ठेवली. दोघंही तबकडी संपेपर्यंत बसून राहिले. ताई म्हणाली, "मले त्यातलं कायी समजत नाही. पन हा त्या म्हाताऱ्यावानी नाही वाजवत. हा घाबरून वाजवते."

भाऊजींनी तबकडीचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "हा कोन असन मंग?" त्यांनी विचारलं, आणि ते रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला. म्हाताऱ्याला फारसं आठवेना. "दुबला-सा था. एक ही बार आया. नाम किसी ने पूछा नहीं."

जिनिंग पुन्हा उघडलं नाही. भाऊजी हायवेवरच्या पेट्रोलपंपावर हिशेब बघायला लागले आणि सुट्टी मिळाली की त्या मुलाची चौकशी करत फिरत. तो त्यांना सापडला नाही. भाऊजी आता नाहीत. त्या तबकडीच्या पाकिटावरचं छापलेलं नाव त्यांनी निळ्या शाईने खोडलं होतं आणि खाली एका नावापुरती जागा मोकळी सोडली होती. ताई दर दिवाळीला ते पाकीट पुसते. त्या मोकळ्या जागेवरून फडकं जरा हळू फिरवते.