बोलायची बंदी आणि एक ब्लॉग

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, असं बजावलं. मी शाळेत हिंदी शिकवायचे, दिवसभर बोलणं हेच माझं काम. जबलपूरला चेरीतालच्या घरी मी आणि नवरा, आम्ही दोघंच. काही सांगायचं तर मी कागदावर लिहायचे, पण नवऱ्याला चष्मा सापडेपर्यंत माझं म्हणणं शिळं होऊन जायचं.

मुलगी बंगळुरूहून मला बघायला आली होती. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. माझी घुसमट बघून म्हणाली, "आई, तू लिख ना कुछ. मैं ब्लॉग बना देती हूँ." तिनं माझ्या फोनवर तो करून दिला आणि मराठी टाइप करायलाही शिकवलं.

आधी मी हिंदीत लिहून पाहिलं. ते शाळेच्या सूचनेसारखं वाटलं. मग घरच्या मराठीत आईची एक गोष्ट लिहिली. आई वर्ध्याकडून लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं. कमानिया गेटजवळच्या दुकानात तिनं मीठ मागितलं. दुकानदाराला वाटलं हिला मीठा हवं, त्यानं समोरच्या हलवायाकडे बोट दाखवलं. नाही म्हणायला संकोच वाटला, म्हणून आई जिलबी घेऊन घरी आली. त्या दिवशी सगळे अळणी वरण आणि जिलबी जेवले.

दोन दिवसांनी त्याखाली एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. मीही जबलपूरचीच, गेटच्या मागच्या गल्लीत राहते. यजमान गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी नाही. एकदा याल का?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"अनोळखी घरी काहून जाऊन राहिली?" नवरा म्हणाला. "आणि तू बोलणार कशी?" पण स्कूटर त्यानंच काढली.

त्या सत्तरीच्या होत्या. मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्या हसल्या आणि बोलायला लागल्या. माहेर, यजमानांची नोकरी, लोणच्याची बरणी, कशातून कशात जात होत्या. मी नुसती मान हलवत होते. चहा घेऊन आलेली त्यांची सून दारातच थांबली. "मम्मीजी को इतना बोलते मैंने कभी नहीं सुना," ती हळूच म्हणाली.

निघताना बाईंनी माझा हात धरला. "तुम्ही बोलत नव्हता तेच बरं झालं. माझं किती तुंबून राहिलं होतं."

फोनवर सगळे नुसते मिरवतात, असं लोक म्हणतात. मीही मिरवते. लिहिलेलं कोणी पाहिलं का, हे दर थोड्या वेळानं उघडून बघतेच. पण आपल्यासारखंच कोणीतरी जवळच्या गल्लीत गप्प बसलेलं असतं, हे मला त्याशिवाय कळलंच नसतं.

आवाज परत आला, थोडा घोगरा. शाळाही सुरू झाली. तरी रविवारी दुपारी मी लिहिते. गेल्या महिन्यात एका लेखाखाली मुलीनं पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, "आई, तुझा लेख मी पूर्ण वाचली. छान आहे."

आयुष्यभर वह्या तपासलेली मी. ते 'वाचली' तसंच राहू दिलं आणि खाली लिहिलं, "आता तू पण लिही."