टायरची बाजू

इलेक्ट्रिक गाडीला खर्चच नसतो, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून बसलो होतो. वर्षभरात चारही टायर गुळगुळीत झाले. आता घरात अब्रू राखायची तर टायरच खराब निघाले, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. तेव्हा साक्षीदार म्हणून बायकोला घेऊन बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो.

हा गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलत नाही, टायरशी बोलतो. उकिडवा बसून त्याने रबरावर अंगठा फिरवला आणि कळवळून म्हणाला, "काय हाल केलं रे तुझं!"

"माल खराब असणार," मी सुचवलं.

त्याने मान वर केली नाही. भरलेला चहाचा ग्लास घेऊन तो गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला आणि हनुवटीने रस्ता दाखवला.

सुसाट सुटणं हा या गाडीचा गुण आणि माझा दोष. पाय टेकवला मात्र, सगळा चहा त्याच्या सदऱ्यावर! परत आल्यावर सदरा झटकत तो पुन्हा टायरपाशीच बसला. "गाडी जड, पिकप लई, अन् ह्यांचा पाय त्याच्याहून जड. तुझी काय बी चूक न्हाई रे."

बायको पदराआड हसली.

नवे टायर बसवल्यावर जुन्यातला एक त्याने डिकीत टाकला. "जा, ह्यांच्या नजरेसमोर ऱ्हा," असं त्यालाच बजावलं.

घरी बायकोने त्या टायरवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "तू वर्षात सुटलास रे बाबा. माझं तेविसावं चालू आहे."