बाईंच्या हातात माडीचा पेला कोणी दिला?

देवरूखच्या मुलींच्या शाळेतील तरुण मास्तरीणबाईंचा पाय मोडला आहे, असे डॉक्टरांनी आज दुपारी मला सांगितले. काल त्यांनी चालत्या मोटारीतून उडी टाकली.

मंडळी, मी दवाखान्यात त्यांना भेटून आलो. काल सावर्ड्याच्या लग्नात शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी त्यांना माडी दिली. "घ्या हो बाई, सकाळीच काढल्येय, शहाळ्यासारखी गोड!" दुपारपर्यंत ती आंबून चांगलीच कडक झाली होती.

"मग ते म्हणाले, मोटारीने घरी सोडतो," बाई सांगत होत्या. "एरवी मी नकोच म्हटलं असतं. काल वाटलं, त्यात काय एवढं? मोटार देवरूखचा रस्ता सोडून चिपळूणच्या रस्त्याला लागली, तेव्हा भानावर आले."

उशाशी बसलेली आई रडत म्हणाली, "पण प्यायलीस कशाला गो?"

बाहेर भेटलेल्या चौघांनीही मला हेच विचारले. पेला कोणी भरला, मोटार कोणी वळवली, हे एकानेही विचारले नाही. तुम्ही तरी विचाराल का?

उद्या सकाळी कमिटी बसते आहे. बाईंना नोकरीवरून काढण्याचा ठराव आहे. अध्यक्ष स्वतःच तो मांडणार आहेत.