गैरहजर पक्षकाराची खुर्ची

आमच्या संध्याकाळच्या कायदा वर्गात दाराशेजारी एक लाकडी खुर्ची आहे. वर्ग तुडुंब भरला तरी तिच्यावर कोणी बसत नाही. उभे राहतील, खिडकीत टेकतील, पण त्या खुर्चीला हात लावणार नाहीत. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. वीस वर्षं मोर्चे काढणारा माणूस मी, खुर्चीला कोण भितो?

हा वर्ग कोर्टातल्या एका टायपिस्टने काढला. एके दिवशी त्याने ‘पक्षकार गैरहजर, दावा फेटाळला’ असं टाइप करून कागद ओढला, आणि दारात एक माणूस धापा टाकत उभा. कारखान्यातली पाळी सुटायला दहा मिनिटं उशीर झाला होता. “निकाल झालाय,” साहेब म्हणाले. त्या माणसाने कपाळावर हात मारला नाही की आरडाओरडा केला नाही, नुसता बघत राहिला. ते बघणं टायपिस्टला सोडेना. पोटासाठी नोकरी धरून ठेवली, पण छापखान्याच्या माळ्यावर खोली घेतली, आणि कारखान्यांचे भोंगे झाल्यावर चाळीस मिनिटांनी सुरू होईल असा वर्ग काढला. फळ्याच्या वरच्या कडेला त्याने लिहिलं, ‘कामावर होता म्हणून कोणी हरता कामा नये.’ तो गेला, वाक्य राहिलं. आम्ही त्याच्या खाली लिहितो.

रीतही त्याचीच. दर गुरुवारी कुणाचा तरी हरलेला खरा खटला विद्यार्थी पुन्हा लढवतात. निकालाआधी आता वर्ग चालवणारे सर खुर्चीकडे न बघता विचारतात, “गैरहजर पक्षकाराला काही सांगायचंय?” मग एक मिनिट शांतता. सगळ्यांनी समोर बघायचं. वळायचं नाही.

बाइंडरकाकू आमच्यात सगळ्यात मोठ्या. दिवसभर खालच्या छापखान्यात वह्यांना शिलाई घालायच्या. नखांत खळ वाळलेली, बोटांना दाभणाची भोकं. तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा पुन्हा पहिल्या बाकावर.

“काकू, वकील होऊन कोट कधी घालणार? ऐंशीव्या वर्षी?” असं मी चिडवलं की म्हणायच्या, “तुझ्या तोंडाला शिलाई घालून झाली की लगेच, पुढारी.”

त्यांना कोट नको होता. त्यांना एक वाक्य खोडायचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा कारखान्यात मशीनमध्ये ओढला जाऊन गेला. उजवी बाही अडकली होती. मशीनवरची संरक्षक जाळी जागेवर नव्हती, आणि निकालात लिहिलं होतं, ‘जाळी मयताने स्वतः काढली.’ काकू म्हणायच्या, “जेवायला बसताना बाहीचं बटण लावणारा माणूस तो. तो जाळी काढेल? हे वाक्य उशाशी घेऊन मी मरणार नाही.”

एका गुरुवारी त्यांचाच खटला लागला. चिठ्ठ्या टाकल्या तर मालकाची बाजू माझ्या वाट्याला! माझा तिळपापड झाला. पण उभा राहिलो की मला जिंकायचंच असतं, हा माझा रोग. मी ठणकावलं, “मुदत केव्हाच संपली. एकोणीस वर्षांनी जागं होऊन चालत नाही.” काकूंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात दार ढकलून कामाच्या कपड्यातला एक माणूस आत आला आणि सरळ त्या खुर्चीवर बसला. माझं डोकं फिरलं. “ओ, उठा! ती जागा गैरहजर माणसाची आहे.” तो हळूच काहीतरी बोलला. काय ते मी नंतर कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. त्याची उजवी बाही कोपरापर्यंत फाटलेली होती.

सरांनी प्रश्न विचारला. मिनिट सुरू झालं. मी समोर फळ्याकडे बघत होतो. मागून आवाज आला, अगदी साधा, थकलेला.

“जाळी मी नाही काढली. आदल्या पाळीने काढून ठेवली होती.”

मिनिट संपलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. आमचा जिना लोखंडी. मांजर उतरलं तरी खणखणतो. कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं.

काकू वळल्याच नव्हत्या, मी ओरडलो तेव्हाही नाही. मी विचारलं, “बघावंसं नाही वाटलं?”

“आवाज ओळखला ना. वळले असते तर मिनिट मोडलं असतं, आणि मग तो बोललाच नसता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. लबाडीने मिळवलेल्या निकालात मुदत मोजतात ती लबाडी कळल्यापासून, हे त्यांना पाठ होतं. पण प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं, कधी कळलं आणि कोणाकडून. काकूंनी लिहिलं, ‘माझ्या नवऱ्याकडून. गुरुवारी, वर्गात.’

मी भडकलो. “काकू, डोकं ठिकाणावर आहे का? कोर्ट हसून हाकलेल. लिहा, जुना कामगार भेटला.”

“भेटला का?”

“नाही, पण...”

“मग? शपथेवर खोटं लिहायला वर्गात कशाला यावं लागतं? ते फुकटात येतं. आणि मी बघितलं नाही, तू बघितलंस. साक्षीला तू येणार.”

गेलो. भूत-बित मानणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली, आणि आता पिंजऱ्यात मी. कारखान्याचा वकील मिशीत हसत होता. “तुम्ही त्या गृहस्थांना उठायला सांगितलंत. ते काय म्हणाले?”

“मी म्हणालो, ती जागा गैरहजर माणसाची आहे. तो म्हणाला, ‘म्हणूनच तर बसलोय.’”

कोर्टात हसू फुटलं नाही. वकिलाच्या मिशीतलंही गेलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. “तो कोण होता हे मी ठरवणार नाही. तो जे बोलला ते मात्र तपासता येतं. आदल्या पाळीची नोंदवही हजर करा.”

नोंदवहीत आदल्या पाळीच्या फोरमनच्या हातची ओळ होती: ‘जाळी काढली. बसवायची राहिली.’ एकोणीस वर्षं ती कपाटात पडून होती. कोणी मागितलीच नव्हती. निकालातलं वाक्य खोडलं गेलं.

त्यानंतरच्या गुरुवारी वर्गात खटला दुसऱ्याच कुणाचा होता. काकू पहिल्या बाकावर, मी शेजारी. सरांनी खुर्चीला प्रश्न विचारला आणि मिनिट सुरू झालं. माझी मान आपोआप वळायला लागली. खळीने खरखरीत झालेल्या बोटांनी माझं मनगट धरलं.

“पुढारी, समोर बघ.”

मागे दार करकरलं. मग त्या रात्री न वाजलेला लोखंडी जिना वाजू लागला. एकेक पायरी, सावकाश, खाली. वर्गातलं कोणीही जागचं उठलं नव्हतं. काकू ओठ हलवून पायऱ्या मोजत होत्या. शेवटची वाजली तशी त्यांनी माझं मनगट सोडलं.